निर्लेखनाच्या ठरावात हार्ड डिस्क कुठे आहे? पतसंस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व संचालक व मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्यातील नागरी, ग्रामीण बिगरशेती व पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था
प्रत माहितीसाठी: मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, पुणे

स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. नवे संगणक जोडून देतो, जुने विकत घेतो, सीसीटीव्ही बसवतो आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कमधून लोकांचे लग्नाचे फोटो बाहेर काढून देतो. तुमच्या शाखांमधून बाद झालेली यंत्रं मार्चअखेरीनंतर बाजारात यायला लागतात. माझ्याकडे ती थेट क्वचितच येतात. येतात ती भंगारवाल्यामार्फत. भंगारवाला किलोवर घेतो, पण त्या पत्र्याच्या डब्यात किलोच्या भावाने न विकण्यासारखं काय आहे, हे त्याला पक्कं कळतं. रॅम, प्रोसेसर, एसएमपीएस आणि हार्ड डिस्क तो बाजूला काढतो. चालू डिस्क दोन-चारशे रुपयांना माझ्यासारख्याकडे येते आणि पुढे कुणाच्या डीव्हीआरमध्ये (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात), कुणाच्या मुलाच्या अभ्यासाच्या संगणकात जाऊन बसते. या धंद्यात बेकायदा काही नाही. अजून काही वर्षं चालणारी वस्तू मोडून टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

गैर आहे ते एवढंच, की त्या डिस्क कोऱ्या नसतात.

अशी डिस्क आली की मी ती आधी डॉकवर, म्हणजे सुटी डिस्क संगणकाला जोडायच्या खोबणीत, लावून तिची तब्येत बघतो. किती तास चालली आहे, मजकूर साठवायचे किती कप्पे (सेक्टर) खराब झालेत. तेवढ्यात पडद्यावर आधीच्या मालकाच्या डेस्कटॉपवरची फोल्डरं ओळीने उभी राहतात. ‘थकबाकी मार्च फायनल’, ‘थकबाकी मार्च फायनल २’, ‘थकबाकी मार्च फायनल खरी’. शेजारी ‘केवायसी स्कॅन’, ‘१०१ दाखले’ (म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१चे थकबाकी वसुलीचे दाखले), ‘सोनेतारण फोटो’ आणि हमखास एखादं ‘जुनी गाणी’. सोनेतारणाच्या फोल्डरमध्ये वजनकाट्यावर ठेवलेल्या दागिन्यांचे फोटो असतात आणि फाइलला कर्जदाराचं पूर्ण नाव दिलेलं असतं. काही उघडावंही लागत नाही, लघुचित्रांतच गंठण ओळखू येतं. मी त्याच्यापुढे जात नाही, डिस्क पुसायला लावतो. पण माझ्याकडे पोचेपर्यंत ती किती हातांतून फिरली हे मला ठाऊक नसतं, आणि तुम्हाला तर नसतंच.

मी स्वतः पतसंस्थेचा सभासद आहे, एका मित्राच्या कर्जाला जामीनदारही आहे. माझं आधार कार्ड, पॅन, पगारपत्रक आणि तीन ठिकाणच्या सह्या अशाच कुठल्या तरी शाखेच्या डिस्कवर आहेत. तेव्हा हे पत्र धंदेवाल्याचं आहे तितकंच सभासदाचं आहे.

तुमच्या मासिक सभेत निर्लेखनाचा, म्हणजे बाद वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, विषय कसा येतो, ते पाहू. जडवस्तू नोंदवहीतून यादी निघते: संगणक ४ नग, प्रिंटर २ नग, यूपीएस ३ नग, खुर्च्या ६ नग. घसारा वजा जाता पुस्तकी किंमत किती उरली, ते लिहिलं जातं. तीन दरपत्रकं मागवली जातात, जास्तीत जास्त दर देणाऱ्याला माल द्यायचं ठरतं, सूचक-अनुमोदकांची नावं पडतात, ठराव सर्वानुमते मंजूर. लेखापरीक्षक आला की पावती बघतो, रक्कम जमा झाली का बघतो, नोंदवहीत नग कमी झाले का बघतो. या सगळ्या कागदांत हार्ड डिस्क हा शब्द एकदाही येत नाही. ती ‘संगणक १ नग’च्या पोटात असते आणि पोटातच निघून जाते.

माझं म्हणणं एकच आहे: हार्ड डिस्क ही जडवस्तू धरू नका, ती दप्तर धरा. कर्जरोखे, सहीनमुन्याची कार्डं, ठेवीच्या पावत्यांची स्थळप्रत यांतलं काहीही तुम्ही रद्दीवाल्याच्या काट्यावर घालणार नाही. सरकारी कचेरीत तर कागद अ, ब, क, ड वर्गांत लावून, मुदत संपल्याची खात्री करून, यादी करून मगच नाश करतात. तोच मजकूर स्कॅन होऊन डिस्कवर गेला की मात्र खुर्च्यांच्या यादीत जातो. हा निष्काळजीपणा म्हणावा असंही नाही. नोंदवही छापली तेव्हा शाखेत संगणकच नव्हते, आणि नंतर कुणी रकाना वाढवला नाही.

आता ठरलेलं उत्तर येतं: “आमच्या इंजिनिअरने फॉरमॅट मारलाय.” यावर जरा सविस्तर बोलतो, कारण सगळं घोडं इथंच अडतं.

फाइल डिलीट केली की डिस्कवरून फाइल जात नाही. अमुक जागा आता मोकळी समजावी, एवढीच नोंद होते. रिसायकल बिन रिकामा केला तरी तेच. क्विक फॉरमॅट मारला तर फाइलींची नोंद ठेवणारा तक्ता नव्याने मांडला जातो. म्हणजे खतावणीची अनुक्रमणिका फाडली आणि पानं तशीच ठेवली. फुकट मिळणारं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर पानं चाळून अनुक्रमणिका पुन्हा तयार करतं, पुष्कळदा फोल्डरांच्या नावांसकट. मी लग्नाचे फोटो परत आणतो ते याच जोरावर, आणि जे मला जमतं ते दुसऱ्या कुणालाही जमतं. विंडोज एक्सपीच्या काळात तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारला तरी तो फक्त खराब सेक्टर तपासायचा, मजकुराला हात लावायचा नाही. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट खरोखर सगळीकडे शून्यं लिहितो. पण त्याला तास-दोन तास लागतात आणि क्विकला दहा सेकंद, तेव्हा घाईतला माणूस काय दाबतो हे सांगायला नको. विंडोज नव्याने टाकली तरी जेवढ्या जागेवर नवी विंडोज बसली तेवढाच जुना मजकूर दबतो. पाचशे जीबीच्या डिस्कवर पंचवीस-तीस जीबी जागा व्यापली गेली, बाकी सगळं जिथल्या तिथे.

फिरत्या तबकड्यांची डिस्क पुसायचा मार्ग साधा आहे: पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत त्यावर दुसरं काहीतरी लिहायचं. विंडोजमध्येच ‘डिस्कपार्ट’ नावाची सोय आहे, तिला ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा दिली की ती हेच करते. नुसतं ‘क्लीन’ म्हटलं तर फक्त विभागणी पुसली जाते, मजकूर राहतो, ‘ऑल’ महत्त्वाचं. आणि आज्ञा देण्याआधी डिस्कचा क्रमांक तीनदा बघायचा, नाहीतर चालू शाखेचा सर्व्हर कोरा व्हायचा. सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने पाचशे जीबीला दीड तासाच्या आत काम होतं. रात्री लावून घरी जाता येतं.

एकदा लिहिलं की पुरतं का? पस्तीस वेळा लिहावं लागतं असं सांगून पैसे घेणारे मला भेटलेत. हा आकडा न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांच्या १९९६ सालच्या शोधनिबंधातला. तेव्हाच्या वेगवेगळ्या पद्धतींच्या डिस्क एकत्र धरून त्यांनी ती यादी केली होती, आणि सगळ्या पस्तीस फेऱ्या एकाच डिस्कवर मारणं निरर्थक आहे, असं पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या ८००-८८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेची २०१४ची आवृत्ती सांगते, की आताच्या चुंबकीय डिस्कवर साधारणपणे एक फेरी पुरते. पस्तीस फेऱ्यांचं बिल आलं तर परत पाठवा.

एसएसडीचं मात्र गणित वेगळं, आणि गेल्या काही वर्षांत शाखांमध्ये बसलेले संगणक बहुतेक एसएसडीचेच आहेत. त्यात तबकडी नसते, चिप असतात. एकाच जागी वारंवार लिहून चिप झिजू नये म्हणून आतला कंट्रोलर मजकूर सारखा इकडून तिकडे हलवत असतो, आणि काही जागा स्वतःसाठी राखून ठेवतो. ती विंडोजला दिसत नाही. त्यामुळे वरून शून्यं लिहिली तरी ती नेमकी जुन्या मजकुरावर पडलीच असतील याची खात्री नाही. इथे एसएसडीलाच आतून सगळं साफ करायची आज्ञा द्यावी लागते: साटा आणि एनव्हीएमई हे एसएसडीच्या जोडणीचे दोन प्रकार; साटा असेल तर ‘सिक्युअर इरेज’, एनव्हीएमई असेल तर ‘फॉरमॅट’ किंवा ‘सॅनिटाइज’. बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्यासाठीचं सॉफ्टवेअर बहुधा फुकट असतं. पुष्कळ मदरबोर्ड चालू होतानाच साटा डिस्कला कुलूप घालतात आणि ती ‘फ्रोझन’ दिसते. संगणक एकदा स्लीपमध्ये घालून उठवला की बहुधा सुटते. आज्ञा पाळली गेली का, हेही तपासायचं. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये असं तपासलं, तेव्हा काही एसएसडींत ही आज्ञा नीट बसवलेलीच नव्हती. एकीने तर काम फत्ते झाल्याचं कळवलं आणि मजकूर जागच्या जागी होता.

म्हणून नव्या संगणकांसाठी माझा सल्ला वेगळा आहे. यंत्र आणलं त्याच दिवशी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजमधली सोय, चालू करा आणि रिकव्हरी की छापून तिजोरीत ठेवा, त्याच संगणकावर नव्हे. मजकूर पहिल्या दिवसापासून कुलूपबंद असेल तर यंत्र बाद करताना किल्ली नष्ट केली की बरंचसं काम झालं. शिवाय मधल्या काळात चोरी झाली तरी चोराच्या हाती नुसता लोखंडाचा तुकडा. खरेदीच्या वेळी विंडोज ‘प्रो’ घ्यायला सांगा. ‘होम’मध्ये बिटलॉकर पूर्ण नसतो, आणि दरपत्रकात स्वस्त पडतं ते ‘होम’.

बंद पडलेली डिस्क हा तिसरा प्रकार, आणि तिच्याबाबत गैरसमज उलटा आहे. चालत नाही म्हणजे तिच्यात काही राहिलं नाही, असं धरलं जातं. प्रत्यक्षात पुष्कळदा वरचं सर्किट जळलेलं असतं, तबकड्या ठणठणीत. अशी डिस्क पुसता येत नाही, ती फोडायचीच. टी-८चा चांदणीसारख्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, झाकणाचे स्क्रू काढा. एक स्क्रू लेबलखाली दडलेला असतो, तिथे बोटाने दाबलं की खळगा लागतो. आतल्या आरशासारख्या तबकड्या बाहेर काढून वाकवा किंवा ड्रिलने भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते, हातोडीच्या एका घावात तिचा चुरा होतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा. एसएसडी फोडताना झाकण काढून चिप न् चिप तोडा. अडीच इंची एसएसडीच्या खोक्यात सर्किट कित्येकदा निम्म्याच जागेत असतं. अंदाजाने मध्ये भोक पाडून ‘नष्ट केली’ असं लिहिलेल्या एसएसडीच्या चिप शाबूत निघालेल्या मी पाहिल्या आहेत. चुंबकाचा एसएसडीवर काडीचा परिणाम होत नाही. आणि जाळू तर मुळीच नका, त्या धुराने तुमचाच शिपाई आजारी पडेल.

याला जोडून वॉरंटीचा मुद्दा. वॉरंटीतली डिस्क बिघडली की दुकानदार ती कंपनीकडे पाठवतो आणि बदली येते. तुमची जुनी डिस्क मजकुरासकट गेली, ती दुरुस्त होऊन कुणाच्या नशिबी येते हे कळायला मार्ग नाही. सर्व्हरची किंवा कर्ज विभागाची डिस्क असेल तर वॉरंटीवर पाणी सोडा आणि नवी घ्या. दोन-चार हजारांचा प्रश्न आहे.

आता जी साधनं कुणाच्याच ध्यानात नसतात ती. डीव्हीआर सगळ्यात वाईट. शाखेतल्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्ये एक-दोन टीबीची डिस्क असते. नवी यंत्रणा बसवताना जुना डीव्हीआर ‘एक्स्चेंज’मध्ये जातो. ती डिस्क विंडोजला जोडली तर कोरी दिसते, फॉरमॅट करायचं का असं विंडोज विचारतं, आणि लोक समजतात की काही नाही यात. डीव्हीआर आपल्या स्वतःच्या पद्धतीने लिहितो, ते विंडोजला वाचता येत नाही एवढंच. तीच डिस्क त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीव्हीआरमध्ये घातली की काउंटरवर कोण आलं, रोखपालाने किती वाजता तिजोरी उघडली, किल्ल्या कुणाकडे असतात, सगळं पाहायला मिळण्याची शक्यता असते. दरोडा घालणाऱ्याला याहून अधिक काय हवं?

मोठ्या झेरॉक्स यंत्रांतही डिस्क असते आणि केलेल्या प्रतींच्या प्रतिमा तिच्यावर साठून राहू शकतात. अमेरिकेत ‘अफिनिटी’ नावाच्या आरोग्य विमा संस्थेने भाड्याची अशी यंत्रं न पुसता परत केली, त्यांतलं एक सीबीएस या वृत्तवाहिनीने विकत घेऊन उघडलं, आणि २०१३ मध्ये संस्थेला बारा लाख डॉलरांहून जास्त रक्कम भरून प्रकरण मिटवावं लागलं. तुमच्या शाखेतलं झेरॉक्स यंत्र भाड्याचं असेल तर करार संपताना डिस्कचं काय करायचं, ते करारातच लिहून घ्या. पिग्मी एजंटचं यंत्र किंवा मोबाइल, व्यवस्थापकाच्या कपाटातला बॅकअपचा एक्स्टर्नल ड्राइव्ह, ‘घरी सुरक्षित राहील’ म्हणून कुणीतरी नेलेला पेनड्राइव्ह, सॉफ्टवेअरवाल्याने ‘चूक शोधायला’ स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलेला पूर्ण डेटाबेस: यांची यादी तुम्हीच करा, मला तुमच्या शाखा माहीत नाहीत.

कुणी म्हणेल, कोण कशाला आमच्या जुन्या डिस्क चाळत बसतंय. चाळणारे आधीपासून आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीचे सिमसन गारफिंकल आणि अभि शेलाट यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. १२९ चालू निघाल्या, त्यांतल्या अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या. एक तर चक्क एटीएममधली होती. ते संशोधक होते म्हणून निबंध लिहून थांबले.

तुमच्या ठरावाशी तंतोतंत जुळणारं उदाहरण मात्र मॉर्गन स्टॅन्लेचं. एवढी बडी वित्तसंस्था. जुने सर्व्हर आणि डिस्क मोडीत काढायचं काम तिने सामानाची ने-आण करणाऱ्या एका कंपनीला दिलं, जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. त्या कंपनीने माल पुढे विकला, तो लिलावाच्या संकेतस्थळावर पोचला, आणि ओक्लाहोमातल्या एका संगणक सल्लागाराने विकत घेतलेल्या डिस्कवर ग्राहकांचा मजकूर पाहून त्यानेच संस्थेला कळवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या रोखे नियामकाने साडेतीन कोटी डॉलर दंड केला. बँक नियामकाने त्याआधी, २०२० मध्ये, सहा कोटींचा वेगळा केला होता. यात हॅकर कुठेही नाही. चुकीच्या माणसाला दिलेलं कंत्राट आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा सहकारात सगळे हादरले. फायरवॉल घेतल्या गेल्या, पासवर्ड बदलले गेले, प्रशिक्षणं झाली. हे योग्यच झालं. पण मजकूर मागच्या दाराने किलोच्या भावात जात असेल तर पुढच्या दाराच्या कुलपाचं कौतुक किती करायचं?

शिवाय आपल्याकडचा धोका मला परदेशी हॅकरपेक्षा जवळचा वाटतो. पतसंस्थेचा सभासद गावातलाच असतो आणि भंगारवाला, दुकानदार, डिस्क घेणारा मुलगाही गावातलाच. कुणाचं मंगळसूत्र कधीपासून गहाण आहे, कुणावर १०१चा दाखला निघाला, कोणत्या भावाने दुसऱ्याला न सांगता ठेव ठेवली आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलं, हे कळायला गावात तंत्रज्ञ लागत नाही. यातल्या एका फाइलवरून घरं फुटतात. आणि भामट्यांचं म्हणाल, तर फोनवरचा माणूस ठेवीची तारीख, रक्कम आणि वारसाचं नाव अचूक सांगत असेल, तर सत्तरीतला ठेवीदार ओटीपी का देणार नाही? त्याच्या मते असं बोलणारा माणूस संस्थेचाच असतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ सालचा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तेवढा दंड तालुक्याच्या पतसंस्थेला कुणी करणार नाही. पण डेटा बाहेर गेला तर ज्याचा गेला त्या प्रत्येकाला कळवायचं, ही अट लहान संस्थेलाही आहे. ‘आपली कर्जाची कागदपत्रं भंगारात गेली आहेत’ असं पत्र चार हजार सभासदांना पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी काउंटरवर ठेवी मोडायला किती रांग लागेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आहे. ई-कचरा नियम २०२२ वेगळे. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि वर्षात हजार किंवा जास्त नग वापरणाऱ्या संस्थेने ई-कचरा नोंदणीकृत संस्थेकडेच द्यायचा आहे. मोठ्या मल्टिस्टेट संस्थांनी आपले नग मोजावेत. मात्र नोंदणीकृत रिसायकलरला दिलं म्हणजे डेटा पुसला गेला, असं होत नाही. ते काम माल दाराबाहेर जाण्याआधीचं.

तेव्हा मागणी. पुढच्या निर्लेखनाच्या ठरावात एवढा मजकूर घाला:

‘निर्लेखित करावयाच्या प्रत्येक संगणक, लॅपटॉप, सर्व्हर, डीव्हीआर, झेरॉक्स यंत्र, पिग्मी यंत्र व मोबाइलमधील साठवणुकीचे साधन विक्रीपूर्वी स्वतंत्र नोंदवावे. त्याचा अनुक्रमांक, ते पुसले की फोडले, कोणत्या पद्धतीने व कोणत्या तारखेस, हे जडवस्तू नोंदवहीत लिहून त्याखाली शाखाधिकारी व एक संचालक यांनी सही करावी. अशी नोंद असल्याखेरीज माल खरेदीदाराच्या ताब्यात देऊ नये.’

अनुक्रमांक लेबलवर छापलेला असतो, मोबाइलने फोटो काढून ठेवला तरी चालेल. संचालकाची सही मुद्दाम मागतो आहे. एकट्या कारकुनावर ढकललेलं काम मार्चच्या गर्दीत होत नाही, आणि काही चुकलं की बळी त्याचाच जातो.

एक सावधगिरीही लिहून ठेवा. पुसण्याआधी त्यातला आवश्यक मजकूर नव्या यंत्रावर आला आहे, उघडतो आहे आणि लेखापरीक्षण झालेलं आहे, याची खात्री करा. सहकार कायद्याच्या कलम ८३ची चौकशी, ८८ची नुकसानभरपाईची कारवाई किंवा पोलीस तपास चालू असेल तर त्या डिस्कला हातही लावू नका, मोहोरबंद करून ठेवा. काही संस्थांत डिस्क ‘क्रॅश’ होण्याचा योग नेमका चौकशी लागल्यावरच जुळून येतो, हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना ठाऊक असतं. या पत्राचा आधार त्यासाठी घेऊ नये. पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि मी वर लिहिलंच आहे की फॉरमॅट मारलेलं परत येतं.

मा. आयुक्त साहेबांना विनंती एवढीच, की जडवस्तू नोंदवहीत एक रकाना वाढवणारं आणि लेखापरीक्षकाने तो तपासावा असं सांगणारं परिपत्रक काढावं. संचालक मंडळं माझ्या पत्राने हलतील तितकी हलतील, लेखापरीक्षणाच्या दोषदुरुस्ती अहवालात मुद्दा आला की मात्र सगळी हलतात.

डिस्क काढून घेतली तर भंगाराला भाव कमी येतो, अशी तक्रार एका शाखेत मी ऐकली. खरी आहे, नगामागे दोन-चारशे रुपये कमी येतील. मग फोडू नका, पुसून विका. चालू डिस्क फोडल्याचं मलाही वाईट वाटतं, कोऱ्या डिस्कला मी दोन पैसे जास्तच देईन. बंद पडलेल्या आणि सर्व्हरमधल्या तेवढ्या फोडा. पुसायचं कसं हे ज्या शाखेला बघायचं असेल, तिथल्या कर्मचाऱ्यांना आमच्यासारखा कुठलाही दुरुस्तीवाला तासाभरात शिकवू शकतो. फक्त शिकवणाऱ्याच्या दुकानात डिस्क पाठवू नका, त्याला शाखेत बोलवा, आणि काम संपेपर्यंत तुमचा माणूस शेजारी बसू द्या. हे माझ्याबाबतीतही लागू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद, जामीनदार आणि संगणक दुरुस्तीवाला